न फोडलेली पाकिटं

१२ सप्टेंबर

पोचले. क्लोविस मामाच्या बटाट्याच्या गोदामामागे तोच कॅम्पर, चाकांवरची खोली, तोच फुटका दिवा, गादीखाली उंदरांनी केलेला संसार. झाडायला घेतलं. अर्धंच झाडलं — खिडकीतून नदी दिसली आणि पलीकडे, कॅनडाच्या काठावर, कुणीतरी होडीला लाल रंग देत होतं. एक बाजू पूर्ण होईपर्यंत बघत बसले. केरसुणी हातातच.

तीन आठवडे बटाटे. मग ओरेगॉन! तिकडे नोव्हेंबरात ख्रिसमसची झाडं तोडायचं काम असतं. तिथली मैत्रीण टेस पत्रानं कळवणार आहे. तीन आठवड्यांवर इथे एक दिवस नाही.

मामा म्हणाला, "आलीस का गं भटके? हात बघू." दाखवले. "मऊ पडलेत. पट्ट्यावर पहिल्याच दिवशी रडशील."

"पैज?"

"तुझ्याशी पैज कोण लावणार? निकाल लागायच्या आत पळून जातेस."

१४ सप्टेंबर

आईकडे जेवायला. प्लोय आणि कोंबडीचा रस्सा. वर्षभर कुठे कुठे काय काय खाल्लं, पण कुट्टूच्या पिठाचा एकाच बाजूनं भाजलेला जाळीदार प्लोय, त्यावर लोणी — सात खाल्ले. आई मोजत होती. ती म्हाताऱ्यांच्या निवासात स्वयंपाक करते, तिला प्रत्येकाचं खाणं मोजायची सवय आहे.

मरिएल माझ्यापेक्षा उंच झाली! सतरा वर्षांची. शाळेचं शेवटचं वर्ष. अजूनही सगळं जांभळ्या पेनानं लिहिते — वह्या, तळहात, फ्रीजवरची यादी. बँगरच्या नर्सिंग कॉलेजात जायचंय. अर्ज एक नोव्हेंबरपर्यंत, आणि त्यात पहिल्या सत्राचे रसायनशास्त्राचे गुण चांगले हवेत. हे आईनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा माझ्याकडे बघून, जणू मीच परीक्षा घेणार आहे.

मरिएलला विचारलं, कसं चाललंय रसायनशास्त्र? म्हणाली, "चाललंय कुठे? बाई जूनमध्ये सोडून गेल्या. आता हॉकीचे सर येऊन बसतात. व्हिडिओ लावतात आणि स्वतः फोनवर मॅच बघतात. काही विचारलं तर म्हणतात, व्हिडिओ मागे घे."

"मग घरी अभ्यास करायचा," आई म्हणाली.

"कशातून? पुस्तकं नऊ, आम्ही एकोणीस."

"आमच्या वेळी सगळ्या वर्गाला एक पुस्तक होतं."

"तुमच्या वेळी मूलद्रव्यंही कमी होती."

मी हसले. आई नाही हसली. "तू नको हसूस, डेल्फीन. तू सोडलीस. हिला सोडू देणार नाही मी."



१८ सप्टेंबर

आजपासून काढणीची सुट्टी. तीन आठवडे शाळा बंद, सगळी पोरं शेतात. बाहेर कुणाला सांगितलं की खोटं वाटतं — एका ट्रकवाल्यानं तर मला विचारलं होतं, हे कुठल्या शतकातलं? मेन राज्यातल्या आरूस्तूकमधलं, म्हटलं.

पावणेपाचला रेडिओवर यादी, कुणाच्या शेतात किती वाजता काम. आवाज तोच, थोडा जास्त घोगरा. "मिशो, सहा वाजता. सिर, साडेसहा. थेरियो, आज नाही, जमीन ओली." क्लोविस सिर म्हणजे आपला मामा. साडेसहा म्हणजे साडेसहा. लहानपणी शाळा आहे की नाही तेही याच आवाजानं कळायचं. अंथरुणात पडल्या पडल्या नाव ऐकायचं आणि थंडगार पँटमध्ये पाय घालायचे.

पट्ट्यावर आम्ही सहाजणी. खालून यंत्र जमीन उकरतं, पट्ट्यावरून बटाटे, दगड, ढेकळं, पाला सगळं एकत्र येतं. बटाटे सोडायचे, बाकीचं फेकायचं. बस्स. मरिएल समोर उभी. वेगानं हात चालतो तिचा. मला एक हृदयाच्या आकाराचा बटाटा मिळाला, तो बघताना चार दगड पुढे गेले. मामा ट्रॅक्टरवरून ओरडला, "डेल्फीन! दगडांची भाजी तू खाणार का?"

रडले नाही. हात रडतायत.

२२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत मिशोची बायको म्हणाली, "का गं सोडलीस शाळा? हुशार होतीस की."

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. सहा वर्षांपूर्वी, अकरावीत, काढणीची सुट्टी संपली आणि मी परत गेलेच नाही. एवढंच. बाकीचे गेले, मी गोदामातच राहिले, मग बस पकडली. मी सगळ्यांना सांगते — कंटाळा आला.

मरिएल ऐकत होती. सँडविचचा कागद घड्या घालून घालून टपाल तिकिटाएवढा केला तिनं.

(कंटाळा नव्हता. पण ते इथेही लिहीत नाही.)

२५ सप्टेंबर

दगड. दगड. पाठ.

३० सप्टेंबर

पाऊस. तिसरा दिवस! रेडिओवर यादीच नाही, नुसतं "आज कुणीच नाही" आणि मग अकॉर्डियन. कॅम्परमध्ये जीव घाबरा झाला, म्हणून रबरी बूट घालून पोस्टात चालत गेले, टेसचं पत्र आलं का बघायला. यूलाबाई खिडकीत. अठ्ठावीस वर्षं त्याच खिडकीत! म्हणाल्या, "बघा, एक गिऱ्हाईक तरी आलं. काढणी सुरू झाली की या गावाला आपला पत्ताच आठवत नाही." खरंच, भिंतीभर पोस्टाचे डबे फुगलेले. आईच्या डब्यात जेवढं होतं तेवढं उचललं.

वाटेत एक जाड पाकीट फाडलं — वाटलं, टेसचं. "प्रिय पालक" असं सुरू होतं. शाळेचं. तेवढ्यात थेरियोच्या शेतात मूस, घोड्याहून उंच हरीण! नर, एवढी शिंगं, पावसात उभा, पाय ढेकळांत रुतलेले, अगदी कुणीतरी विसरून गेलेल्या फर्निचरसारखा. अर्धा तास मागे मागे गेले. बुटात पाणी. शेवटी तो रानात शिरला, न वळता.

बाकीची डाक आईच्या टेबलावर टाकली. शाळेचं ते खिशातच राहिलं, ओलं झालं. घडी घालून या वहीत ठेवलंय, खूण म्हणून. उद्या देते.

टेसचं पत्र नाही.

१ ऑक्टोबर

रविवार. मरिएल कोरडे मोजे मागायला आली. मी मामाला गोदामाचं दार सारायला मदत करायला गेले, परत आले तर ती गादीवर बसलेली, मोजे न घालता.

"या वहीत मी आहे का?"

"नाहीस."

"लिहितेस काय मग?"

"मूस."

हसली. मोजे घेऊन गेली. माझे चांगले मोजे.

६ ऑक्टोबर

सुट्टीचा शेवटचा दिवस आणि मामाची निम्मी शेतं अजून जमिनीत! सात दिवस पावसानं खाल्ले. सगळ्यांचं तेच. पण कुणालाच चिंता नाही. ओल्या वर्षी सुट्टी वाढतेच. म्हातारे ड्युमॉन्ट सर प्रिन्सिपल होते तेव्हा शेवटच्या शुक्रवारी स्वतः गाडी घेऊन बांधाबांधानं फिरायचे — "किती राहिलंय रे, क्लोविस?" — आणि सोमवारी रेडिओवर, शाळेची सुट्टी वाढली म्हणून. मागून कागदोपत्री सगळं सरळ व्हायचं. आता नवे आहेत, पेंडलटन सर, मेनच्याच दक्षिण टोकाचे, पोर्टलंडच्या बाजूचे. ते फिरले नाहीत. मामा म्हणाला, "त्यांच्याकडे बूट नसतील."

टेसचं पत्र आलं! वीस तारखेनंतर कधीही ये म्हणते. कॅम्परमध्ये नाचले, डोकं दिव्याला लागलं.

९ ऑक्टोबर

सोमवार, सरकारी सुट्टी. थंडी पडली. आकाश स्वच्छ. उद्या खणायचं, नाहीतर हिमानं जातील.

संध्याकाळी मरिएलनं विचारलं, "उद्या शाळा असेल का गं?"

म्हटलं, "वेडी आहेस का? उद्या रेडिओवर मामाचं नाव आलं की शाळा नाही. विसरलीस?"

माझ्याकडे बघत राहिली जरा. मग म्हणाली, "बरं." आणि उगाचच खूप हसली.

१० ऑक्टोबर

"सिर, साडेसहा." गेलो. मशीन एकदाही अडलं नाही. सहा ट्रक भरले. सगळ्यांची पोरं शेतांत होती, बांधावरून एकमेकांना ओरडत होती. झकास दिवस! — आणि तिन्हीसांजेला मिशोची बायको गाडी घेऊन आली. खिडकीची काचही खाली न घेता ओरडली. शाळा आज उघडली. एकतीस पोरं गैरहजर. पहिल्याच दिवशी सगळ्या मुख्य विषयांच्या परीक्षा. पहिल्या सत्राचे निम्मे गुण त्या परीक्षेवर. गैरहजर त्याला शून्य. आधी पत्र पाठवलं होतं म्हणे.

पत्र.

ही वही उघडली. ते इथेच होतं, रोज माझ्या बोटांखाली. पहिला कागद उलगडला. "सुट्टी कोणत्याही कारणास्तव वाढवली जाणार नाही." जाड अक्षरांत. परत कोंबलं.

११ ऑक्टोबर

मरिएलला रसायनशास्त्रात शून्य.

आई ओरडली नाही. ताटं धूत राहिली, धुतलेलीच ताटं.

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "प्लोय उरलेत का?"

१३ ऑक्टोबर

शेवटचं शेत संपलं. मामानं ट्रॅक्टरवरून टोपी उडवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं सगळी शाळेत.

बसची वेळ बघून आले. रोज सकाळी सात. बघायला काय जातं?

१७ ऑक्टोबर

शाळेच्या जिममध्ये सभा. सहा वर्षांनी आत पाय ठेवला. वास तोच — पॉलिश आणि मोजे. मोजे तर खरोखरच, कारण जमीन नवी केली म्हणून सगळ्यांना दाराशी बूट काढायला लावले. साठ माणसं मोज्यांत. अर्ध्यांचे अंगठे बाहेर. मोज्यांत उभं राहून नीट भांडता येत नाही, पण लोकांनी कसर सोडली नाही.

पेंडलटन सर समोर. टायवर बदकं. म्हणाले, पत्र बावीस सप्टेंबरला टाकलं.

मिशो ओरडला, "काढणीत डाक आणायला कोण जातं? माझी बायको बाळंत झाली तरी मला काढणी संपल्यावर कळेल!"

"झालेच होते की," त्याची बायको शेजारून म्हणाली. "आणि तसंच कळलं होतं तुला."

हशा. सर हसले नाहीत, त्यांना ते खरं वाटलं असावं. म्हणाले, "मोबाईलवरही सूचना दिली होती."

"शेतात रेंज नाही!"

"घरी?"

"घरी झोपतो आम्ही!"

"अकरा घरांनी पत्र वाचलं, त्यांची मुलं आली. इतरांपर्यंत मी अजून कसं पोचायचं होतं, सांगा."

"रेडिओवर!" चारपाच आवाज एकदम.

सर म्हणाले, "रेडिओवर बटाट्याच्या बातम्या असतात."

मागून कुणीतरी अगदी शांतपणे, "मग?"

त्या एका शब्दावर जिम फुटायचीच बाकी होती. तेवढ्यात मरिएलच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. "पत्राचं राहू द्या. आम्ही आलो असतो तरी काय लिहिणार होतो? रसायनशास्त्राला शिक्षक कुठे आहे?"

सरांनी चष्मा काढला. "चार वेळा जाहिरात दिली. एकजण आला. हिवाळा किती महिने असतो विचारलं आणि जेवायलाही थांबला नाही." हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नाही. मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

मरिएलकडे पाहिलं. खाली मान घालून मोज्याचा धागा ओढत होती. माझाच मोजा.

मग आई उठली. माझी आई, जी दुकानात उरलेली मोड परत मागायलाही लाजते!

"माझ्या घरी पत्र आलंच नाही. मी काल डबा उघडला. बियाण्यांचा कॅटलॉग आहे, शाळेचं काही नाही. टेबलावर आठवडाभराची डाक आहे, त्यातही नाही. सगळ्यांना आलं, मला नाही. माझी एक मुलगी या शाळेनं घालवली. कुणी एक फोन केला नाही तेव्हा, कुठे गेली म्हणून. आता दुसरी —" आणि खाली बसली.

साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं. यूलाबाईंनी सगळ्यांत जास्त वेळ.

पाकीट जॅकेटच्या खिशात होतं. जड, आत दगड असल्यासारखं.

सर म्हणाले, "बाई, यादीत तुमचं नाव आहे. पाकीट परत आलेलं नाही. म्हणजे कुठेतरी आहे."

शेवटी शाळा समितीच्या अध्यक्षानं तोड काढली. ओरेल त्याचं नाव, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, भांडणंही तशीच दुरुस्त करतो. "ज्याचं पाकीट बंद, त्याला माहीत नव्हतं. सोपं आहे. न फोडलेलं पाकीट शुक्रवारी तीनपर्यंत ऑफिसात द्या, त्या पोराची फेरपरीक्षा. फोडलेलं असेल, तर वाचलं होतं. मग शून्य."

टाळ्या! या शाळेत काही न वाचल्याबद्दल बक्षीस पहिल्यांदाच मिळत असेल. लोक बूट घालून थेट पोस्टाकडे पळाले. पोस्ट बंद होतं, तरी.

घरी येताना आई म्हणाली, "शोधू. सापडेल. बंदच असेल."

मरिएल म्हणाली, "राहू दे ना, आई."

"काय राहू दे?"

"सगळंच."

१८ ऑक्टोबर

पोस्टात रांग! दारापर्यंत. लोक पाकिटं उजेडात धरून बघत होते, चिकटलंय ना नीट. मिशोनं तर आपलं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, अंड्यासारखं धरून नेलं.

सगळे गेल्यावर यूलाबाई म्हणाल्या, "मी पोस्टातली. कुणाची डाक कुणी नेली हे मी बोलत नसते. तीस तारखेला पाऊस होता, एवढंच बोलते."

"आणि?"

"आणि तुझे बूट पिवळे होते." खिडकी लावून घेतली.

१९ ऑक्टोबर

गोदामात मामानं टाकलेल्या फुटक्या बटाट्यांची खळ केली. किसले, पिळले, तळाशी बसलेलं पांढरं पीठ शिजवलं. आजी अशीच करायची, तिनं भिंतीचे कागद खळीनं चिकटवले होते, ते अजून सुटलेले नाहीत. पाकिटाची फाटलेली कड जुळवली, ब्रशनं लावलं, वर विस्तवाजवळ गरम केलेली इस्त्री.

पाकीट आता असं दिसतं, जणू एखाद्यानं ते खाल्लं आणि विचार बदलला.

मामा आत आला. पाकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवणार. तो ओल्या बटाट्यांच्या गोणीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या आईला माझ्याकडून कळायला नको."

"उद्या सातच्या बसनं जाऊ का, मामा?"

"जा की. तुला कोण थांबवतंय? मागच्या वेळी कुणी थांबवलं होतं?"

हे त्यानं चिडून म्हटलं असतं तर मी गेले असते.

२० ऑक्टोबर

सातची बस गेली. खिडकीतून दिवे पाहिले.

अडीच वाजता शाळेत. ऑफिसात टेबलावर पाकिटांचा ढीग, तीस. सगळी बंद, सगळी एकसारखी. क्लार्कबाईंनी माझं पाकीट बघून नाक मुरडलं आणि न विचारता आत पाठवलं.

पेंडलटन सरांच्या टेबलावर रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं. समासात पेन्सिलच्या खुणा. मी बघतेय हे बघून त्यांनी ते बंद केलं, मग पुन्हा उघडलं. "सोमवारपासून हा वर्ग मीच घेणार आहे. मी इतिहासाचा माणूस. काल रात्री तिसऱ्या पानावर अडलो."

मी पाकीट ठेवलं. सगळं सांगितलं. मूससकट. का कोण जाणे, मूसचं फार लांबवलं. शेवटी म्हटलं, "पत्र मी फोडलं. मरिएलनं बघितलंच नाही. तिला माहीत नव्हतं. माझी चूक तिच्या नावावर का?"

सरांनी पाकीट उलटसुलट केलं. "हे काय लावलंय?"

"बटाट्याची खळ."

पहिल्यांदा हसले. बदकंही हलली. "आज तीस घरांनी मला सांगितलं की आम्ही काही वाचत नाही. वाचलं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या." पाकीट मला परत दिलं. मरिएलची फेरपरीक्षा बाकीच्यांबरोबर, गुरुवारी. झालं!

निघताना म्हणाले, "तुमची फाईल पाहिली मी, सभेनंतर. अकरावीत ऑक्टोबरनंतर नुसती कोरी पानं आहेत. काय झालं होतं?"

"कंटाळा आला."

मान हलवली. लिहून घेतल्यासारखी.

बाहेर आले आणि धावत सुटले, पिवळ्या बुटांत, अख्खा रस्ता. पायांना काय झालं होतं कुणास ठाऊक!

२१ ऑक्टोबर

आईला सांगितलं. तिनं आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगलाच सणसणीत, मग तिथेच हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मग कणीक कालवायला घेतली.

आणि मरिएल? मला वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती पांढरी पडली.

"तुला कुणी सांगितलं होतं जायला?"

"अगं, शून्य गेलं तुझं! गुरुवारी परत —"

"मी मागितलं होतं? सगळ्यांना कळलं होतं ना, शेतामुळे गेलं म्हणून? पावसामुळे, पत्रामुळे! चांगलं होतं की ते!" दार आपटलं. जिन्यावरून वर. वरचंही दार.

आई म्हणाली, "घाबरली असेल."

मी म्हटलं, "कृतघ्न आहे." माझी इतक्या वर्षांतली एकमेव चांगली गोष्ट, आणि तिला ती नको! सोमवारची बस पक्की. टेसला फोन केला.

२२ ऑक्टोबर

सामान काढलं. जेवायला गेले नाही. नदीपलीकडची लाल होडी उलटी करून ठेवलीय, हिवाळ्यासाठी. दुसरी बाजू त्यानं रंगवलीच नाही. अर्धी लाल, अर्धी लाकडाची. मला वाटायचं मीच एकटी अशी.

मरिएल आली नाही. मोजेही परत नाहीत.

२३ ऑक्टोबर

पावणेसात. वही पिशवीत टाकताना पाकीट पडलं आणि माझी खळ सुटली. आत दुसरा कागद होता. तो मी कधी बाहेर काढलाच नव्हता. परीक्षेत काय येणार त्याची यादी. रसायनशास्त्राचे अकरा मुद्दे. नऊ मुद्द्यांपुढे फुली, जांभळी. खाली बारीक अक्षरांत — "अजून नऊ दिवस. कुणाला विचारू?"

दहा तारखेला नऊ दिवस. म्हणजे एक तारीख. ती मोजे मागायला आली तो रविवार.

मरिएल, म्हणजे तू ही वही उघडतेस. उघड. कंटाळा नव्हता गं. मला त्या वर्षी बीजगणितातलं काहीही येत नव्हतं आणि कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी बटाट्यांत थांबले. मग बस दिसली.

सातची बस आत्ता गेली. गुरुवारला तीन दिवस आहेत. पुस्तक घेऊन ये. मला यातलं काही येत नाही, आधीच सांगून ठेवते.